पाच गुंठ्यांत तीन माद्या: डुकरांचे घर आणि त्यांचे आरोग्य

सावंतवाडी तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे की, घरामागच्या पाच गुंठे भरड जमिनीत तीन माद्या ठेवून लहान प्रमाणावर वराहपालन करायचे आहे, तर गोठा कसा बांधावा, पिल्ले का मरतात, हॉटेलातील उरलेले अन्न द्यावे की नाही, नर विकत घ्यावा का आणि जनावरे पावसाळ्यापूर्वी आणावीत की नंतर. शेजारच्या वाडीत गेल्या वर्षी एका वेताची अकरांपैकी सात पिल्ले गेल्याचे पाहून मन कचरते आहे, असेही त्यांनी लिहिले आहे. मी गेली २२ वर्षे सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सीमेलगतच्या गावांत जनावरांच्या आरोग्याचे काम करीत आहे आणि त्यांपैकी १४ वर्षे स्वतः डुकरे पाळली आहेत, त्यामुळे जे पाहिले आणि केले तेच सांगतो.

औषधांची यादी हाती घेण्याआधी या प्राण्याची एक सवय समजून घ्यावी, कारण गोठ्याचा सारा नकाशा तिच्यावरच बेतायचा आहे. डुक्कर झोपण्याची जागा आणि शेण-मूत्र टाकण्याची जागा वेगळी ठेवते. जागा पुरेशी असेल तर ते कोरड्या, उबदार कोपऱ्यात झोपते आणि ओल्या, थंड, वारा येणाऱ्या बाजूला जाऊन घाण करते. त्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम सुटत नाही. त्यामुळे झोपायची जागा तापली की अंग गार करण्यासाठी ते ओल्यात लोळते, आणि दुसरे पाणी नसेल तर स्वतःच्या घाणीत लोळते. म्हणजे डुकरे घाणीने माखलेली दिसली तर दोष छपराचा, दाटीचा किंवा उताराचा असतो. बहुतेक लहान गोठ्यांतील हगवण, खरूज, सांधे सुजणे आणि खोकला यांची सुरुवात याच ओलीतून होते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की नव्या ठिकाणी गेल्यावर जनावर तपासण्याआधी मी खाली वाकून झोपायच्या जागेवर तळहात टेकवतो. हात कोरडा निघाला तर अर्धी चिंता मिटते.

आता जागेचा हिशेब मांडू. विणाऱ्या मादीला छपराखाली ७ ते ९ चौरस मीटर आणि बाहेरच्या मोकळ्या आवारात साधारण ९ ते १२ चौरस मीटर जागा लागते. भाकड किंवा गाभण मादीला छपराखाली १.८ ते २.७ चौरस मीटर पुरते आणि अशा दोन-तीन माद्या एकत्र राहू शकतात. वाढत्या पिल्लांना वयाप्रमाणे प्रत्येकी ०.९ ते १.८ चौरस मीटर छपराखाली आणि तेवढीच जागा बाहेर द्यावी. तीन माद्या एकाच वेळी विणार नाहीत असे धरून विण्याच्या दोन खोल्या, गाभण माद्यांची एक खोली आणि दहा-दहा पिल्लांच्या दोन खोल्या बांधल्या तर छपराखाली सुमारे ५४ चौरस मीटर आणि मोकळ्या आवारासह, मधल्या वाटेसह, सव्वा गुंठा जागा जाते. उरलेल्या पावणेचार गुंठ्यांत शेणखड्डा, खाद्याची खोली आणि नव्या जनावरांची वेगळी खोली सहज बसते. म्हणून पाच गुंठे पुरतील का ही शंका मनातून काढावी. मात्र जागा शिल्लक दिसते म्हणून चौथी आणि पाचवी मादी घेण्याचा मोह पहिली दोन वर्षे टाळावा.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन सरळ आत येत नाही. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूला छपराचा पुढावा किमान एक मीटर बाहेर काढावा आणि पन्हाळी लावून छपराचे पाणी गोठ्यापासून दूर सोडावे. भिंत १.२ मीटर उंच पुरे; त्यावर जाळी ठेवावी आणि पावसाळ्यात झड आली तर सोडायला गोणपाटाचे किंवा ताडपत्रीचे पडदे असावेत. पडदे चोवीस तास सोडून ठेवू नयेत, कारण कोंडलेल्या गोठ्यात मूत्राचा अमोनिया साठतो आणि त्याने फुप्फुसे बिघडतात. माणूस आत शिरताच त्याचे डोळे चुरचुरले तर जमिनीलगत नाक असलेल्या पिल्लांचे काय होत असेल याचा विचार करावा. छपराला मंगलोरी कौले उत्तम. पत्रे घालायचेच असतील तर उन्हाळ्यात त्यांवर माडाच्या झावळ्यांचा जाड थर घालावा.

आपल्याकडे भिंती चिऱ्याच्या, म्हणजे कापलेल्या जांभा दगडाच्या होतात. चिरा स्वस्त आणि मजबूत आहे, पण त्याच्या अंगात भोके असतात. मूत्र आणि जंतू त्यांत मुरतात आणि कितीही धुतले तरी निघत नाहीत. म्हणून आतल्या बाजूने जमिनीपासून किमान एक मीटर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घ्यावा. जमीन सिमेंट काँक्रीटची असावी आणि ओली असतानाच तिच्यावर खराट्याने हलके ओरखडे काढावेत. घोटून गुळगुळीत केलेल्या जमिनीवर माद्यांचे पाय फाकतात, तर फार खरबरीत जमिनीवर दूध पिताना पिल्लांचे गुडघे सोलवटतात आणि त्या जखमांतून जंतू सांध्यांत शिरतात. झोपायच्या बाजूकडून घाणीच्या बाजूकडे दर मीटरला दोन ते तीन सेंटीमीटर उतार ठेवावा आणि झोपायचा भाग दुसऱ्यापेक्षा पाच सेंटीमीटरने उंच करावा.

डुकरांनी घाण कुठे करावी हे आपण ठरवू शकतो, आणि फार थोडे गोठे बांधणारे याचा विचार करतात. पाण्याची तोटी घाणीच्या बाजूला बसवावी. शेजारच्या खोलीशी असलेली भिंत झोपायच्या बाजूला भरीव ठेवावी आणि घाणीच्या बाजूला लोखंडी नळ्यांची, आरपार दिसेल अशी करावी, कारण जेथे शेजारचे डुक्कर दिसते त्या हद्दीवर डुकरे घाण करतात. नवीन कळप आत सोडण्याच्या आदल्या दिवशी तो कोपरा पाणी मारून ओला करावा, तेथे थोडे शेण टाकावे आणि झोपायच्या बाजूला कोरडा भाताचा पेंढा पसरावा. पहिले तीन दिवस चुकीच्या जागी पडलेले शेण लगेच उचलून त्या कोपऱ्यात टाकले की बहुतेक कळपांना वळण लागते. पुढे रोज साफसफाईला लागणारा वेळ निम्म्यावर येतो आणि पेंढा कोरडा राहतो.

पिल्ले का मरतात या प्रश्नाला थोडा अधिक वेळ देतो, कारण लहान वराहपालकाचा नफा-तोटा जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत ठरतो. विण्याच्या खोलीत एकाच वेळी दोन हवामाने लागतात. मादीला १८ ते २२ अंश सेल्सिअस सुखाचे वाटते, तर नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश लागतात. त्याच्या अंगावर केस विरळ असतात, कातडीखाली चरबी जवळजवळ नसते आणि वजन जेमतेम सव्वा किलो असते. जून महिन्याच्या झडीत, ओल्या जमिनीवर, ते तासाभरात गारठते. गारठलेले पिल्लू ऊब शोधत आईला चिकटते, सुस्त असल्याने आई बसताना बाजूला होऊ शकत नाही आणि चेंगरते. मालक म्हणतो की मादी खुनशी आहे. मालवण तालुक्यातील एका घरी दोन रात्रींत चार पिल्ले चेंगरली तेव्हा मी सकाळी जाऊन पाहिले, तर दिवा होता, चांगला प्रखर होता, परंतु तो मादीच्या पाठीमागच्या भिंतीवर टांगलेला होता. पिल्ले उबेसाठी त्या भिंतीच्या आणि मादीच्या मधोमध झोपत होती, म्हणजे चेंगरण्यासाठी याहून धोक्याची जागा खोलीत नव्हती. आम्ही दिवा काढून समोरच्या कोपऱ्यात लावला, तेथे फळ्यांचा आडोसा केला, आणि उरलेली सातही पिल्ले जगली.

म्हणून विण्याच्या खोलीत दोन गोष्टी बांधकामाच्या वेळीच कराव्यात. पहिली, भिंतींच्या कडेने जमिनीपासून २० ते २५ सेंटीमीटर उंचीवर आणि भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर लोखंडी नळीचा कठडा. मादी भिंतीला घासत खाली बसली तरी त्या पोकळीत पिल्लू वाचते. दुसरी, पिल्लांचा कोपरा: साधारण १.२ मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद जागा, वर फळीचे झाकण, समोर फक्त पिल्लू शिरेल एवढी फट आणि खाली कोरडा पेंढा. त्यात दिवा जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटरवर साखळीने टांगावा. वायरवर लोंबकळणारा दिवा पेंढ्यात पडून गोठे जळालेले आहेत. आपल्याकडे पहिल्या पावसात वीज जाते आणि रात्रभर येत नाही, तेव्हा झाकण असलेली पेटी फार उपयोगी पडते, कारण पिल्लांच्या अंगाची ऊब तिच्यात टिकते. शिवाय गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता येतात. ऊब पुरेशी आहे की नाही हे पिल्लेच सांगतात. एकावर एक ढीग करून झोपली तर थंडी आहे, दिव्यापासून दूर कडेला पांगून झोपली तर उष्णता जास्त आहे, आणि एका ओळीत कुशीवर पाय पसरून झोपली तर बरोबर आहे.

मादीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. विण्याच्या दोन आठवडे आधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक द्यावे, एक आठवडा आधी तिचे पोट, कास आणि पाय साबणाच्या पाण्याने धुऊन तिला विण्याच्या खोलीत आणावे, आणि पेंढा भरपूर द्यावा, कारण विण्याआधी घरटे करण्याची तिची ओढ फार तीव्र असते आणि ती भागली की मादी शांतपणे विते. सडातून दूध पिळून येऊ लागले की साधारण चोवीस तासांत ती विते. दोन पिल्लांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे अंतर सामान्य आहे. मादी तासभर कळा देत असूनही पिल्लू येत नसेल तर हात घालण्याचे प्रयोग न करता पशुवैद्यकाला बोलवावे. पिल्लू आले की नाकातोंडावरची चिकट आवरणे पुसावीत, अंग कोरड्या फडक्याने चोळावे, नाळ बांधून कापावी व तिला आयोडीन लावावे, आणि लगेच सडाला लावावे. पहिला चीक हेच त्याचे पहिले संरक्षण आहे, कारण डुकराच्या गर्भाला आईकडून रोगप्रतिकारक घटक वारेतून मिळत नाहीत. ते सगळे चिकातूनच मिळतात आणि ते शोषून घेण्याची पिल्लाच्या आतड्याची ताकद पहिल्या चोवीस तासांत संपते. पुढच्या सडांना दूध जास्त असते. दुर्बल पिल्ले तेथे लावावीत व धडधाकट पिल्लांना तासभर पेटीत ठेवून त्यांना निवांत पिऊ द्यावे.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन चुकवू नये. पिल्लाला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागते, आईच्या दुधातून जेमतेम एक मिलिग्रॅम मिळते आणि जन्मतःचा साठा आठवड्यात संपत येतो. मोकळ्यावर हिंडणारी पिल्ले माती उकरून काही लोह मिळवतात, काँक्रीटवरच्या पिल्लांना तीही सोय नसते. कानाच्या पाकळ्या पांढुरक्या पडलेली, केस उभे राहिलेली, थोडे धावले की धापा टाकणारी दोन-तीन आठवड्यांची पिल्ले दिसली की लोह दिलेले नाही असे समजावे. इंजेक्शन मानेच्या स्नायूत द्यावे आणि बाटलीवरील तीव्रता पाहून मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी.

व्यालेल्या मादीकडे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून पाहावे. ती खात नाही, कास कडक आणि गरम आहे, पोटावर बसून सड लपवते आणि पिल्ले सतत किंचाळत आहेत, अशी लक्षणे दिसली आणि ताप ४० अंशांच्या वर गेला तर त्याच दिवशी उपचार हवेत. मादीचा आजार बरा होतोही, परंतु दूध आटल्यामुळे पिल्ले दोन दिवसांत जातात.

खाद्याबद्दल थोडक्यात सांगतो. वाढत्या पिल्लांसाठी मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी ४५ भाग, भाताचा बारीक कोंडा ३२ भाग, सोया पेंड २० भाग, क्षारमिश्रण अडीच भाग आणि मीठ अर्धा भाग हे मिश्रण चालते. त्यात सुमारे १६ ते १७ टक्के प्रथिने येतात. कोंडा घेताना मात्र तो चिमटीत घेऊन पाहावा. गावच्या जुन्या गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेले असते, ते डुकराला पचत नाही आणि पोट भरूनही वजन वाढत नाही. खवट वासाचा कोंडा आणि बुरशी लागलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बुरशीच्या विषाने तरुण माद्यांचे योनिमुख माजाविना लाल होऊन सुजते आणि त्या गाभण राहत नाहीत. मालक नराला दोष देत बसतो. गाभण मादीला दिवसाला दोन ते अडीच किलो खाद्य पुरे, व्यालेल्या मादीला मूळ दोन किलो आणि प्रत्येक पिल्लामागे साधारण पाव ते अर्धा किलो जास्त, हळूहळू वाढवत न्यावे.

हॉटेलातील उरलेल्या अन्नाचा प्रश्न सर्वांत जोखमीचा आहे. बांदा आणि पेडणे या पट्ट्यात ते सहज मिळते, खर्च निम्म्यावर आणते, आणि म्हणून लहान पालकाला ते सोडा असे सांगणे मला जड जाते. परंतु आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात २०२० साली प्रथम आसाम आणि अरुणाचल प्रदेशात निश्चित झाला, तेव्हापासून हा प्रश्न बदलला आहे. या विषाणूवर उपचार नाही आणि तो लागलेल्या कळपातील जवळजवळ सर्व डुकरे मरू शकतात. तो माणसाला होत नाही, पण कच्च्या, खारवलेल्या किंवा गोठवलेल्या डुकराच्या मांसात तो महिनोन्महिने जिवंत राहतो. हॉटेलच्या बादलीत डुकराच्या मांसाचा एक तुकडा आला तरी तो गोठ्यात पोहोचतो. माझा सल्ला असा की, डुकराचे मांस शिजवणाऱ्या ठिकाणचे अन्न अजिबात घेऊ नये; इतर ठिकाणचे घेतले तर ते सतत ढवळत पूर्ण एक तास उकळावे, कोमट करून द्यावे, आणि कच्चे अन्न आणणारी बादली व उकळलेले अन्न वाढणारी बादली रंगाने वेगळ्या ठेवाव्यात. नीट उकळलेले अन्न पुन्हा त्याच कच्च्या बादलीत ओतून गोठ्यात नेणारे मी अनेक पाहिले आहेत. तेथे तासाभराचे सरपण वाया गेलेले असते.

या अन्नाचा आणखी एक धोका मिठाचा आहे. एका एप्रिलमध्ये सायंकाळी मला फोन आला की डुकरांना वेड लागले आहे. जाऊन पाहिले तर चाळीस-पंचेचाळीस किलोच्या नऊ डुकरांपैकी तीन भिंतीला नाक टेकवून उभी होती, एक कुत्र्यासारखे मागच्या पायांवर बसून मान वर वर नेत होते आणि मग थरथरत मागे कोसळत होते, आणि दर काही मिनिटांनी हाच प्रकार पुन्हा होत होता. मालकाने विषबाधा गृहीत धरली होती. मी पाण्याची तोटी दाबली. थेंब आला नाही. टाकीतली काडी-कचऱ्याची गाठ नळीत अडकून दोन दिवस पाणी बंद होते, आणि त्याच दोन दिवसांत कोणत्या तरी समारंभातले लोणचे, पापड आणि खारवलेल्या मासळीचे उरलेले जेवण त्यांच्यापुढे आले होते. अशा वेळी पाणी एकदम भरपूर पाजले तर मेंदूची सूज वाढून जनावर लवकर मरते, म्हणून दर अर्ध्या तासाने थोडे थोडे पाणी द्यावे लागले. सहा वाचली, तीन गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की सकाळी खाद्य वाढण्याआधी गोठ्यातील प्रत्येक तोटी स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहावी. व्यालेल्या मादीला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. सुकी मासळी कुटून खाद्यात मिसळणाऱ्यांनी तीत मीठ किती आहे हे पाहून खाद्यातले मीठ बंद करावे.

रोग दारातून येतो, म्हणून दाराचे नियम पहिल्या दिवसापासून ठरवावेत. डुकरे विकत घेणारा व्यापारी दिवसात पाच-सहा गोठे फिरलेला असतो. त्याला आत घेऊ नये, विकायचे जनावर कुंपणाजवळ आणून दाखवावे आणि गाडीही बाहेरच थांबवावी. गोठ्याची चप्पल किंवा गमबूट वेगळे असावेत. दाराशी जंतुनाशकाचा पाय बुडवायचा हौद ठेवाल तर बूट आधी घासून धुवावेत आणि पाणी रोज बदलावे, कारण शेण मिसळलेल्या जंतुनाशकात जंतू मरत नाहीत. नवीन आणलेले जनावर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावे आणि त्याचे काम दिवसाच्या शेवटी करावे. आपल्या भागात रानडुकरे काजूच्या बागेतून थेट परड्यात येतात, म्हणून आवाराला खालून उकरता येणार नाही असे पक्के कुंपण हवेच; आणि घरात कोणी रानडुकराचे मांस आणले असेल तर त्याचे पाणी, आतडी किंवा भांडी गोठ्याच्या वाटेला जाऊ देऊ नयेत.

साध्या स्वाइन फीव्हरची लस उपलब्ध आहे आणि ती दोन महिन्यांच्या सुमारास देऊन नंतर पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे पुन्हा द्यावी. लाळ्या-खुरकुताची लसही घ्यावी. दोन्ही लसी बर्फातून आणाव्या लागतात. उन्हात दुचाकीच्या डिकीत तासभर राहिलेली लस टोचून मनाचे समाधान होते, संरक्षण होत नाही. साधा आणि आफ्रिकन हे दोन्ही स्वाइन फीव्हर बाहेरून सारखेच दिसतात: ४१ अंशांच्या वर ताप, खाणे बंद, कानांवर व पोटावर लाल-जांभळे चट्टे, अडखळती चाल. फरक प्रयोगशाळाच सांगू शकते. म्हणून दोन दिवसांत दोन जनावरे अशी आजारी पडली की विक्री थांबवावी, गोठ्यातून काहीही बाहेर नेऊ नये आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने हे कळवणे बंधनकारक आहे. घाबरून आजारी डुकरे पडेल भावाने विकणे किंवा मेलेले डुक्कर ओहोळात टाकणे म्हणजे पंचक्रोशीतील प्रत्येक गोठ्याचे नुकसान करणे होय. मेलेले जनावर खोल खड्ड्यात, चुना घालून पुरावे.

माणसाच्या आरोग्याचा भाग मी टाळू शकत नाही. माणसाची विष्ठा डुकराच्या तोंडी जाणे हे मेंदूत गाठी करणाऱ्या पट्टकृमीच्या फेऱ्यातील एक कडे आहे; कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंडी खाल्ली की डुकराच्या मांसात गाठी होतात आणि ते मांस कच्चे राहिले तर कृमी पुन्हा माणसात येतो. तीच अंडी अस्वच्छ हातांतून माणसाच्या पोटात गेली की गाठी माणसाच्या मेंदूत होतात आणि फिट्स येतात. म्हणून डुकरे कधीही मोकळी सोडू नयेत आणि गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येकासाठी संडास व हात धुण्याची सोय असावी. भातखाचरे जवळ असतील तर डासांकडेही लक्ष द्यावे, कारण जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांच्या शरीरात वाढतो आणि डासांमार्फत मुलांपर्यंत पोहोचतो. गोठा घरापासून शक्य तितका लांब असावा आणि रात्री जाळ्या बंद कराव्यात. शेणखड्डा सिमेंटचा करावा व विहिरीपासून किमान तीस मीटर दूर ठेवावा. आपली जांभ्याची जमीन चाळणीसारखी आहे, कच्च्या खड्ड्यातले पाणी पावसात थेट विहिरीत उतरते.

नर विकत घेऊ नये. तीन माद्यांसाठी त्याला वर्षभर पोसणे परवडत नाही, आणि गावातून फिरवला जाणारा नर आपल्याबरोबर रोगही फिरवतो. कृत्रिम रेतनाची सोय होते का हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. जुन्या गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत डुकरांवर बरेच काम झाले आहे, तेथे एकदा जाऊन गोठा पाहून यावे. जातीचे म्हणाल तर लार्ज व्हाइट यॉर्कशायर वेगाने वाढते, पण ऊन आणि ओल कमी सोसते. आगोंदा गोवन ही गोव्याची नोंदणीकृत काळी जात लहान आणि काटक आहे. या दोहोंच्या मधली, संकरित, शांत स्वभावाची आणि किमान बारा सारखे सड असलेली मादी पहिल्या पालकाला सोयीची पडते.

राहिला काळाचा प्रश्न. पावसाळ्यापूर्वी जनावरे आणू नयेत. शिमग्यानंतर बांधकाम सुरू करून मेअखेर छप्पर पुरे करावे आणि एक पावसाळा रिकामा गोठा पाहावा. पाणी कोठे साचते, झड कोणत्या जाळीतून आत येते आणि पन्हाळी कोठे गळते हे जनावरे आत नसतानाच कळलेले बरे. ऑक्टोबरमध्ये सात महिन्यांच्या तीन माद्या आणाव्यात आणि महिनाभर वेगळ्या ठेवाव्यात. आठ महिने वय आणि ९० ते १०० किलो वजन झाले की, पहिला माज सोडून, एकेक मादी तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने भरवावी, म्हणजे तिचे रेतन करून घ्यावे. १५ नोव्हेंबरला भरवलेली मादी ९ मार्चच्या आगेमागे विते, तिची पिल्ले एप्रिलच्या अखेरीस दुधावरून तुटतात आणि पहिला पाऊस येतो तेव्हा ती तीन महिन्यांची, लस घेतलेली असतात. भरवल्याची तारीख भिंतीवर खडूने न लिहिता वहीत लिहावी, आणि त्यापासून एकविसाव्या दिवशी सकाळी व संध्याकाळी त्या मादीच्या पाठीवर हाताने दाब देऊन पाहावे. ती कान टवकारून निश्चल उभी राहिली तर माज उलटला आहे, म्हणजे गर्भ राहिलेला नाही, आणि तिला पुन्हा भरवावे लागेल.